जागलीचा दिवा : घेण्याआधी हे वाचा

जागलीला, म्हणजे रात्री पिकाची राखण करताना वापरायचा हा डबा फॉर्मिक आम्लातून हायड्रोजन सोडवून वीज करतो. आधीच सांगून टाकतो, यावर मोटार चालत नाही. पाच एचपीची मोटार तासभर चालवायची तर पाच लिटरच्या वर आम्ल जाईल. त्यापेक्षा सोलर पंप बरा. आमच्या डब्यावर चालतो १० वॅटचा एलईडी दिवा आणि मोबाइलचं चार्जिंग. वावरात रात्रभर, ढगाळ हवेतही, इंजिनाचा आवाज न करता. (रानडुकरं आवाजालाच पळतात, हे मान्य. त्यासाठी टिनाचा डबा वाजवावा लागेलच.)

कॅनमध्ये ८५ टक्के फॉर्मिक आम्ल असतं. मुंगळा चावला की जी आग होते ती याचीच. लिटरभर आम्लात सुमारे ४४ ग्रॅम हायड्रोजन दडलेला असतो, म्हणजे मोकळा सोडला तर ५०० लिटरच्या वर गॅस. गाड्यांच्या टाक्यांत हाच हायड्रोजन ३५० ते ७०० बार दाबानं भरावा लागतो. ती सोय आपल्या तालुक्यात कुठे? आम्ल मात्र साध्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये राहतं आणि गॅस लागेल तेव्हा, लागेल तेवढाच सुटतो.

तो सोडवते डबीतली काळी भुकटी. दिसते काजळीसारखी, पण कोळशाच्या त्या कणांवर पॅलेडियम या महागड्या धातूचे जेमतेम ३ नॅनोमीटरचे कण बसवलेले असतात. इतके बारीक का? वायगावच्या हळदीचं अख्खं कांडं वरणात टाकून बघा, रंग चढत नाही. तेच दळून चिमूटभर टाका. काम पृष्ठभागावर होतं आणि बारीक केलं की तो वाढतो. आम्ल सोडियम फॉर्मेटच्या (याच आम्लाच्या क्षाराच्या) पाण्यासोबत भुकटीवर थेंबथेंब पडतं आणि पारदर्शक नळीत बुडबुडे दिसू लागतात. त्यात निम्मा हायड्रोजन, निम्मा कार्बन डायऑक्साइड. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजनची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते, वीज होते, पाणी ठिबकतं.

आम्ल दुसऱ्या वाटेनंही फुटू शकतं. मग पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो माणसाला विषारी आणि फ्युएल सेललाही निकामी करणारा. म्हणून डबा ५०-६० अंशांच्या वर तापू देत नाही. चुलीजवळ नको, बंद खोलीत तर नकोच.

‘प्रदूषणमुक्त’ असा शिक्का आम्ही मारलेला नाही. बाजारातलं फॉर्मिक आम्ल आजही मुख्यतः खनिज इंधनापासूनच बनतं.

आम्ल हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा लागतोच. अंगावर उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर तसंच धुऊन लगेच दवाखाना गाठा. फवारणीच्या रिकाम्या डब्यात ओतू नका. लोखंडी झाकणही नको. आमच्याच वर्कशॉपमधलं एक झाकण महिनाभरात खाल्लं गेलं. मे महिन्यात कॅन टिनाच्या छपराखाली ठेवू नका, वाफेनं फुगतो.

वापरता वापरता धातूचे कण एकमेकांना चिकटतात आणि बुडबुडे मंदावतात. तेव्हा भुकटी नालीत फेकू नका, ओलीच डबीत घालून परत आणा. तुमच्यासमोर वजन करू आणि तिचे पैसे नव्या डबीच्या किमतीतून वजा करू.