इहिदे सितैन मया व अलफ

पानिपतच्या साली लिहिलेल्या मराठी कागदांत ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ अशी ओळ सापडते. भाषा मराठी, लिपी मोडी. वर्ष तेवढं अरबीत, तेही अक्षरी. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. अरबी रीतीने एककापासून वर चढत जायचं. झाले ११६१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६०. पुढच्या जानेवारीपासून ६०० मिळवायचे.

हा सुहूर सन. दख्खनमध्ये तो १३४४ च्या सुमारास, महंमद तुघलकाच्या अमलात आला. कारण धर्माचं नव्हतं, शेतसाऱ्याचं होतं. हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं, आणि आपल्यासारखा अधिक मास त्यात नाही. त्यामुळे सुमारे ३३ वर्षांत हिशेबाचं एक अख्खं वर्ष जास्तीचं निघतं. पिकं ३३ आणि सारा ३४ वेळा मागितला, तर रयत देणार कुठून? म्हणून हिजरी ७४५ हा आकडा तसाच ठेवून वर्ष सौर केलं आणि सूर्य मृगात शिरला की नवं साल धरलं. मृगसाल हे त्याचं दुसरं नाव. अकबराचा फसली सन याच गरजेतून, पण दोनशे वर्षांनी निघाला. फसल म्हणजे पीकच.

पुढे बहमनी आले, मग निजामशाही, आदिलशाही. गावचा हिशेब मात्र कुलकर्णी-देशपांड्यांच्याच बोरूत राहिला. त्याच बोरूतून दफ्तर, जमाबंदी, अर्ज असे फारसी-अरबी शब्द मराठीत उतरले. फर्दनवीसाचा फडणीस झाला आणि कित्येक घरांचं तेच आडनाव होऊन बसलं.

शिवाजी महाराजांनी हे जाणून पालटायचा प्रयत्न केला. १६७४ पासून राज्याभिषेक शक सुरू झाला, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश रचला गेला. मुजुमदाराला अमात्य, पेशव्याला पंतप्रधान असे प्रतिशब्द मिळाले. तरी शिक्क्यात ‘प्रधान’ कोरणारा माणूस लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला, आणि त्याच्या दफ्तरातून सुहूर सनही हलला नाही.

या कागदांतली तारीख आणखी वेगळी. ‘छ’ लिहून पुढे मोहरम, सफर, रबिलावल असे हिजरी महिने येतात. म्हणजे महिना चांद्र आणि वर्ष सौर. अशा पत्राची इंग्रजी तारीख काढायची, तर जंत्री दोनदा उलगडावी लागते.