पहाट आणि दुपारमधले पंधरा अंश

बेळगावच्या हिवाळ्यात सायकलने कामाला जाणाऱ्याला थंडी तेवढी नडत नाही. नडतो तो फरक. डिसेंबर-जानेवारीत पहाटे 13-14 अंश आणि त्याच दिवशी दुपारी 29-30 अंश. उद्यमबागेतल्या किंवा मच्छेच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा एका हवेत निघतो आणि दुसऱ्याच हवेत परततो. अंगावरचे कपडे, टायरमधली हवा, ब्रेकची पकड या सगळ्यांचे गणित त्या पंधरा-सोळा अंशांवर ठरते.

हा फरक येतो कोरड्या, निरभ्र आकाशामुळे. रात्री जमीन आपली उष्णता वर सोडते. ढग आणि बाष्प ती अडवून थोडी परत पाठवतात. पावसाळ्यात ते पांघरूण असते, म्हणून जुलैत दिवस-रात्रीच्या तापमानात पाच-सहा अंशांचाच फरक राहतो. हिवाळ्यात पांघरूण निघते आणि जमीन सरळ आकाशाकडे निवत जाते. थंड हवा जड असते, ती उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. येळ्ळूर, वडगावच्या शिवारातून शहराकडे येताना नाल्याजवळच्या उतारावर अचानक कान झोंबतात आणि पुढच्या चढाला हवा पुन्हा मऊ होते, ती याचमुळे.

अंधाराचाही एक हिशेब आहे. 22 डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस, पण सर्वांत उशिरा होणारा सूर्योदय त्या दिवशीचा नव्हे. बेळगावात 22 डिसेंबरला सूर्य साधारण 6 वाजून 55 मिनिटांनी उगवतो आणि जानेवारीच्या उत्तरार्धात 7 वाजून 3-4 मिनिटांनी. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला. त्यामुळे या दिवसांत सूर्याची मध्यान्ह रोज काही सेकंद पुढे सरकते. शिवाय भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आणि बेळगाव 74.5 अंशांवर, म्हणजे आपले घड्याळ सूर्याच्या 32 मिनिटे पुढे. 22 डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो हे खरे, पण आधी तो संध्याकाळच्या बाजूने. 7 ची पाळी गाठायला सव्वासहाला निघणाऱ्याला जानेवारी संपेपर्यंत दिवा लागतोच.

आता कपडे. स्नायूंची कार्यक्षमता 20 ते 25 टक्के असते. सपाट रस्त्यावर साध्या सायकलीच्या पायडलपर्यंत 60 वॅट पोचवायचे तर शरीर 300 वॅटच्या आसपास ऊर्जा जाळते आणि त्यातले 240 वॅट नुसती उष्णता बनते. स्वस्थ बसलेल्या माणसाची उष्णता 100 वॅटच्या जवळपास असते, म्हणजे दुपटीहून जास्त शेगडी अंगात पेटते. म्हणून दारातून निघताना जराशी थंडी वाजलीच पाहिजे. घरातच ऊब वाटेल इतके घातले, तर दहाव्या मिनिटाला घाम सुटतो. सुती बनियन तो शोषून घेते आणि पाठीला चिकटते, आणि गेटवर थांबलात की तोच घाम वाळताना अंगातली उष्णता ओढून नेतो.

वारा मात्र खरा. थंडी मोजण्याच्या प्रचलित सूत्रानुसार हवा 10 अंशांची आणि वेग ताशी 20 किलोमीटर असला, तर उघड्या कातडीला 7 अंशांसारखे वाटते. वारा समोरून लागतो, म्हणून छाती झाकायची आणि पाठ मोकळी ठेवायची. आत अंगाबरोबर बसणारा, घाम बाहेर सोडणारा टी-शर्ट, त्यावर स्वेटर, आणि छातीवर स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची चौपदरी घडी. कागदाच्या पदरांत अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि कागद वारा अडवतो. कामावर पोचल्यावर घडी काढून ठेवायची. दुपारी ती नको असते.

बोटांना शरीरातल्या त्या शेगडीचा उपयोग होत नाही. हात मुठीवर निश्चल असतात, आणि थंडीत शरीर हातापायांकडचे रक्त कमी करून पोट-छातीकडे वळवते. गारठलेल्या बोटांनी ब्रेक उशिरा आणि अर्धवट दाबला जातो. म्हणून कपड्यांत एकच वस्तू घ्यायची झाली तर हातमोजे घ्या, स्वेटर नंतर. कानटोपी पातळ असावी, मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू आला पाहिजे. मफलर घालायचा तर दोन्ही टोके स्वेटरच्या आत खोचूनच. लोंबते टोक चाकात गेले तर गळ्यालाच फास. दम्याचा त्रास असलेल्यांनी मफलर नाकावरून घ्यावा. कोरडी थंड हवा श्वासनलिका आकसवते. कापडात अडकलेला उच्छ्वासाचा दमटपणा पुढच्या श्वासाला उपयोगी पडतो. पहिली दहा मिनिटे तोंड मिटून, सावकाश चालवावी.

टायरकडे वळू. ट्यूबमधली हवा बंदिस्त असते, थंड झाली की तिचा दाब उतरतो. समजा दुपारी 30 अंशांत तुम्ही 50 पौंड हवा भरली. पहाटे 13 अंशांना ती साधारण साडेशेचाळीस पौंड भरेल, पंक्चर नसताना. म्हणून सकाळी चाक मऊ लागले की लगेच ट्यूब काढून पाण्याच्या टबात बुडवायची घाई करू नये. उलट बाजूही लक्षात ठेवा. तोच आकडा पहाटेच्या गारठ्यात 50 केला आणि सायकल दुपारी कारखान्याच्या आवारात उन्हात उभी राहिली, तर टायर 45 अंशांना पोचल्यावर दाब 57 पौंडांच्या आसपास जातो. चांगल्या टायरला त्याचे काही वाटत नाही, पण कड उसवलेला, दोरे दिसणारा जुना टायर तिथेच फुगा काढतो. टायरच्या बाजूवर जास्तीत जास्त दाबाचा आकडा छापलेला असतो. पहाटे भरताना त्याच्या पाच-सात पौंड खालीच थांबा.

काळ्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असते, तिला दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब म्हणतात. ती जुनी झाली की चिकट होते, तडकते, आणि हवा रात्रभर बारीक निसटते. दोन दिवसांत चाक बसत असेल तर आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावून बुडबुडा येतो का ते पाहा. नळी काही रुपयांत मिळते, बदलायला दोन मिनिटे पुरतात. या व्हॉल्व्हवर गेज नीट आकडा दाखवत नाही, कारण रबर बाजूला सारायलाच वेगळा दाब लागतो. तिथे अंगठ्याचा अंदाजच बरा.

सगळ्यांत मोठा धोका दहिवराचा. तोही न दिसणारा. रात्री बाहेर ठेवलेल्या सायकलीचे लोखंड भोवतालच्या हवेपेक्षा जास्त निवते आणि त्यावर दव धरते. रिमवर पाण्याचा पातळ थर असला की ब्रेकचे रबर लोखंडाला न भिडता पाण्यावरून घसरते. क्रोम केलेल्या पोलादी रिमवर तर पकड फारच उतरते. अॅल्युमिनियमच्या रिमला एवढा त्रास नसतो, डिस्क ब्रेकला त्याहून कमी.

आकड्यांत मांडून पाहू. ताशी 20 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. डोळ्याला दिसून हाताने ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर 8 मीटर तिथेच गेले. कोरड्या रिमवर सेकंदाला इतके मीटर हा वेग दर सेकंदाला 3 ने उतरतो असे धरले, तर पुढे आणखी 5 मीटर, एकूण 13. ओल्या पोलादी रिमवर तोच दर 1 वर आला, तर पुढे 15 मीटर, एकूण 23 ते 24. वेग 15 वर ठेवला तर ओल्यातही सुमारे 15 मीटरांत सायकल उभी राहते. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून पाच किलोमीटर कमी केल्याने एवढे साधते.

उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी दोन्ही रिम कोरड्या फडक्याने पुसा, आणि रस्त्याला लागल्यावर पहिल्या शंभर मीटरांत दोन्ही ब्रेक हलके दाबून चार-सहा फेरे चालवा. रबर पाणी निपटून काढते. उतार येण्याआधी पुन्हा तसेच. रबर काचेसारखे गुळगुळीत झाले असेल तर पॉलिश पेपरने घासा. त्यात रुतलेले वाळूचे कण आणि धातूचा चुरा टोकदार वस्तूने काढा. खानापूरकडच्या तांबड्या मातीतली बारीक वाळू या रबरांत हमखास बसते.

टिळकवाडीतली रेल्वे गेटे ओलांडताना याच दवाचा दुसरा अवतार भेटतो. रूळ पोलादाचे, पहाटे ओले आणि गुळगुळीत. ते शक्य तितक्या काटकोनात ओलांडायचे, आणि त्या क्षणी ना ब्रेक, ना हँडल वळवणे, ना जोराचे पायडल. तिरके गेले की पुढचे चाक रुळाच्या खाचेत शिरते. गर्दीत काटकोन साधत नसेल तर उतरून हातात धरून न्यावी, यात कमीपणा नाही.

चिक्कोडी, संकेश्वर, निपाणी भागात हिवाळा म्हणजे गळीत हंगाम. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटे रस्त्यावर असतात, आणि मागे दिवा नसलेली ट्रॉली कडेला उभी असणे हे रोजचेच दृश्य. धुक्यात 20 मीटरच दिसत असेल तर वरचा हिशेब आठवा: ओल्या रिमवर ताशी 20 च्या वेगाने तुम्ही त्या ट्रॉलीवर जाऊन आदळता. दिसते त्या अंतराच्या आत थांबता येईल इतकाच वेग ठेवायचा, याला दुसरा पर्याय नाही. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी तिरकी लागली तर चाक सरकते. ती चुकवता येत नसेल तर सरळ, काटकोनात, हातपाय सैल ठेवून ओलांडावी. ओले पाचट टायरखाली शेवाळासारखे निसरते.

स्वतः दिसण्यासाठी रिफ्लेक्टरच्या जोडीला दिवा हवाच. रिफ्लेक्टर प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतो. गाडीचा दिवा तुमच्यावर पडला तरच तो चमकतो, आणि धुक्यात येता-जाता दोन्ही वेळा तो प्रकाश विखुरतो. मागे लाल एलईडी दिवा करिअरच्या खाली, डबा किंवा पिशवी आड येणार नाही असा बांधा. टायरवर घासून चालणारा डायनॅमो दवात घसरतो आणि सायकल थांबली की विझतो, नेमका गेटवर उभे असताना. चमकणारी पट्टी दंडापेक्षा घोट्याला लावा. घोटा वरखाली होतो, आणि हलत्या ठिपक्यावरून हा सायकलवाला आहे हे चालकाच्या डोळ्याला लवकर ओळखू येते.

हिंडलगा, सुळग्याकडून शहरात येणाऱ्यांना सूर्य उगवल्यावर वेगळी अडचण. या दिवसांत सूर्य आग्नेयेच्या बाजूला झुकून उगवतो आणि हा रस्ताही साधारण त्याच दिशेला येतो, त्यामुळे साडेसातला ऊन थेट डोळ्यांत. तुमच्या मागच्या चालकाचीही तीच गत असते, म्हणून दिवसा-उजेडीसुद्धा मागचा दिवा सुरू राहू द्या.

परतीच्या वाटेवर वारा असतो. पहाटे जमिनीलगतची थंड हवा जड होऊन निपचित पडलेली असते. ऊन चढले की हवा वर-खाली घुसळते आणि पूर्वेचा कोरडा वारा खाली उतरतो. शहरातून सांबऱ्याकडे परतणाऱ्याला तो छातीवर बसतो. गियर असतील तर हलका लावावा, नसतील तर दहा मिनिटे जास्त धरावीत. कोरड्या वाऱ्यात घाम लगेच उडतो, कपडे भिजत नाहीत आणि तहान जाणवत नाही, पण पाणी तर गेलेले असते. निघताना एक तांब्याभर पाणी प्यावे. स्वेटर कमरेला न बांधता करिअरवर क्लिपखाली घट्ट दाबावा, बाही आऱ्यांपर्यंत लोंबत नाही ना ते वाकून पाहावे, आणि सकाळचा मऊ वाटलेला टायर आता दाबून बघावा.