मुक्कामी गाडीतली रोकड: मराठवाड्यातल्या बसभाड्याची पार्श्वभूमी

संध्याकाळी आगारातून सुटलेली मुक्कामी गाडी शेवटच्या खेड्यात पोहोचते, तेव्हा कंडक्टरजवळ दिवसभराची रोकड असते. रात्र गावातच काढायची, पहाटेची पहिली फेरी घेऊन परतायचं आणि मग आगारात भरणा करायचा. तोवर पिशवीतल्या प्रत्येक रुपयाला तोच जबाबदार. यूपीआय, स्मार्ट कार्ड, देशभर चालणारं एकच कार्ड यांची चर्चा नेहमी प्रवाशाच्या सोयीची म्हणून होते. मला या सगळ्याचं मूळ कंडक्टरच्या त्या पिशवीत दिसतं.

मराठवाड्यातली सरकारी बस एसटीपेक्षा जुनी आहे. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये रस्ते वाहतूक विभाग सुरू केला, तो २७ गाड्यांवर. पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी १ जून १९४८ रोजी निघाली, त्या दिवशी मराठवाडा अजून निजामाच्याच राज्यात होता. राज्य वेगळं, तसं नाणंही वेगळं. इथे हाली शिक्का चाले आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला लोक कलदार म्हणत. १९५० मध्ये भारतीय रुपया इथे आला, तेव्हा सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशोब धरला गेला. हाली चलन पूर्ण बाद व्हायला १९५९ उजाडलं. त्याआधीच, १ एप्रिल १९५७ पासून, आणे-पै जाऊन नवे पैसे आले होते. म्हणजे हाली, कलदार, आणे आणि नवे पैसे, सगळं एका दशकात. प्रवासी कोणतं नाणं पुढे करील आणि परत काय द्यावं लागेल, हे गणित तेव्हाच्या कंडक्टरला उभ्या उभ्या, हलत्या गाडीत सोडवावं लागत असणार. सुट्ट्या पैशांचा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे, हे सांगायला मला याहून चांगला दाखला सापडत नाही.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. इथली बससेवा आणि विदर्भातली बससेवा मुंबई राज्याच्या एसटीत मिळाली आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभं राहिलं. तेव्हापासून कित्येक दशकं तिकिटाची पद्धत एकच होती: ट्रे, तिकिटाला भोक पाडायचा पंच आणि फेरीचा हिशोब लिहायचं वेबिल. ट्रेमध्ये वेगवेगळ्या किमतींच्या रंगीत तिकिटांचे गठ्ठे, हातात पंच. पुढच्या सीटच्या दांडीवर त्या पंचाची टकटक वाजली की पेंगणारे प्रवासी खिसे चाचपू लागत. माझ्या पिढीच्या कानात तो आवाज अजून आहे.

त्या कागदी पद्धतीला मी मागास म्हणणार नाही. प्रत्येक तिकिटाला क्रमांक होता. ठरावीक टप्प्यांवर कंडक्टर गठ्ठ्यातल्या वरच्या तिकिटाचा क्रमांक वेबिलवर चढवी. मग वाटेत तपासणी पथक चढलं, की किती तिकिटं गेली, किती पैसे जमायला हवेत आणि गाडीत माणसं किती, हे तिथल्या तिथे ताडून पाहता येई. अडचण वेळेची होती. सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि बाजाराच्या दिवशी खच्चून भरलेल्या गाडीत दोन थांब्यांच्या मध्ये वीस-पंचवीस जणांची तिकिटं फाडायची. त्यात एखादं राहिलं, तर चूक झाली की अपहार, याचं उत्तर कंडक्टरला द्यावं लागे.

२०१० च्या आसपास तिकीट छापणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. ट्रे गेला, बेरीज यंत्र करू लागलं. पैसे मात्र रोखच राहिले, आणि उरलेले सुट्टे तिकिटाच्या मागे लिहून देणंही तसंच राहिलं. जून २०१८ च्या भाडेवाढीत भाडं पाच रुपयांच्या पटीत आणलं, त्यामागे सुट्ट्यांवरून होणारी रोजची बाचाबाची हेच कारण होतं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, भाडं पुन्हा एकेक रुपयाच्या हिशोबात गेलं आणि तोच वाद परत सुरू झाला. यूपीआयने तिकीट काढा, हा आग्रह त्यानंतर वाढला.

दुसरा धागा सवलतींचा. विद्यार्थ्यांचे पास पूर्वीपासून होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास मिळाला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मं भाडं. सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. त्यामुळे फुकट प्रवास करणाऱ्या आजोबांचंही शून्य रुपयाचं तिकीट निघालंच पाहिजे, नाहीतर तो प्रवास हिशोबात धरला जात नाही. सवलतीसाठी स्मार्ट कार्डाची योजना जून २०१९ मध्ये सुरू झाली ती याच गरजेतून. पण वर्षभरात कोरोना आला, कार्ड काढायची मुदत वारंवार वाढवावी लागली आणि ज्येष्ठांची सवलत आधार कार्ड दाखवूनच चालू राहिली.

देशात एकच प्रवासकार्ड असावं, म्हणून नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड मार्च २०१९ मध्येच जाहीर झालं होतं. एसटीत २०२२ पासून अँड्रॉइड यंत्रं येऊ लागली आणि पुढे त्यांवर क्यूआर कोड दिसू लागला. क्यूआर आणि हे कार्ड यांतला फरक मराठवाड्यासाठी फार महत्त्वाचा आहे. यूपीआयला त्या क्षणी नेटवर्क लागतं. कॉमन मोबिलिटी कार्डात थोडी रक्कम चिपवरच साठवता येते; यंत्राला टेकवलं की पैसे वळते होतात आणि बँकेचा हिशोब नंतर जुळतो. बालाघाटच्या घाटात किंवा किनवट-माहूरच्या जंगलातल्या रस्त्यावर नेटवर्क तुटतं तिथे हे दुसरं साधन जास्त कामाचं. प्रत्यक्षात अशी कार्डं आधी रुळली मेट्रोच्या शहरांत, जिथे नेटवर्कची ददात नव्हती, आणि खेड्यात जाणाऱ्या गाडीच्या वाट्याला क्यूआर आला. हा क्रम उलटा हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

कार्ड खेड्यात पोहोचलं तरी त्यात पैसे भरायला तालुक्याच्या स्थानकापर्यंत जावं लागलं, तर तो हेलपाटाच. ज्या बाईला आठवडी बाजारातून घरी परतायचं आहे, तिच्याजवळ भाजी विकून आलेले दहा-वीसच्या नोटा आणि चिल्लरच असणार. ते पैसे कंडक्टरने घेऊन आपल्याच यंत्रावर तिचं कार्ड भरून दिलं, तर ती रोकड पुन्हा त्याच्याच पिशवीत जाणार आणि मुक्कामाच्या गावी रात्रभर त्यालाच सांभाळावी लागणार.