घाटावरचे दिवे आणि नावाची पट्टी

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात आणि त्यांचे फोटो पुढे वर्षभर कोल्हापुरात फिरत राहतात. एखाद्या तालमीला, वाचनालयाला किंवा दुकानाला पडद्यावर आपल्या नावामागे आडवी पट्टी लावायची असली, सगळे जिला हेडर म्हणतात ती, की यातलाच एखादा फोटो पुढे येतो. निवड चांगलीच असते. तरी तयार पट्टीत बऱ्याचदा दिवे विझल्यासारखे दिसतात, पायऱ्यांवर मूळ फोटोत नसलेले पट्टे उमटतात आणि अक्षरांभोवती मळ साचतो. यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही. फोटोतून पट्टी काढायची म्हणजे माहिती टाकून द्यायची, आणि ती तीनदा टाकली जाते: कापताना, लहान करताना आणि फाइल साठवताना. काय टाकायचे हे आपण ठरवले नाही, तर सॉफ्टवेअर ठरवते.

कापण्याचा हिशोब सोपा आहे. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० उंच असतो. पट्टी १६०० × ४०० ची, म्हणजे उंचीच्या चौपट रुंद. पूर्ण रुंदी ठेवली तर ३००० ओळींपैकी फक्त १००० राहतात. फोटोचा दोन तृतीयांश भाग गेलाच. नवीन राजवाड्याचा फोटो इथे अडतो, कारण इमारत बसवायला गेले की घड्याळाचा मनोरा कापला जातो. घाट मुळातच आडवा, म्हणून तो निभावतो. न कापता फोटो तसाच दाबून बसवला, तर उंचीच्या मानाने रुंदी तिप्पट होते आणि पणत्यांची ताटे होतात. शाई अविदान आणि एरियल शमीर यांनी २००७ मध्ये एक तिसरी वाट दाखवली. त्यांची पद्धत चित्रातली सर्वांत कमी महत्त्वाची, नागमोडी पिक्सेल-रेघ शोधून काढून टाकते, मग पुढची, मग त्यापुढची. मोकळ्या आकाशात आणि पाण्यात ती छान चालते, पण पायऱ्यांसारख्या सरळ रेषा वाकड्या करते. घाटासाठी साधी कात्रीच बरी.

खरी गंमत लहान करण्यात आहे. ४००० पिक्सेलांचे १६०० करायचे, म्हणजे प्रत्येक दिशेने अडीचपट आकसायचे. सर्वांत आळशी उपाय म्हणजे दर अडीच पिक्सेलांनी एक नमुना उचलायचा आणि मधले सोडून द्यायचे. समजा, दूरच्या पायऱ्या फोटोत दर ३ पिक्सेलांनी एक अशा आल्या आहेत. नमुने पडतात ०, २.५, ५, ७.५ असे, आणि प्रत्येक वेळी पायरीचा वेगळाच भाग हाती लागतो. सहा नमुन्यांनंतर, म्हणजे १५ व्या पिक्सेलला, गाडी पुन्हा पायरीच्या सुरुवातीला येते. परिणाम असा की छोट्या चित्रात दर ६ पिक्सेलांनी एक जाड पट्टा दिसतो. घाटावर असा पट्टा कुठेच नाही, तो निव्वळ मोजण्याच्या चुकीतून जन्मलेला असतो. एका पायरीला निदान दोन नमुने मिळाले नाहीत तर ती पायरी खरेपणाने नोंदवता येत नाही, हा नमुने घेण्याच्या शास्त्राचा मूळ नियम आहे. म्हणून चांगले सॉफ्टवेअर आधी शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढते, न मावणारा बारकावा पुसते आणि मगच आकार कमी करते. जिंपसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकार बदलताना इंटरपोलेशन, म्हणजे नवे पिक्सेल जुन्यांवरून कसे काढायचे ते, विचारतात, तिथे ‘नन’ कधीही निवडू नये.

पण सरासरीतही एक खोच आहे आणि दिव्यांचा जीव तिथेच जातो. फाइलमध्ये उजेड ० ते २५५ या आकड्यांत लिहिलेला असतो, पण हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. डोळ्याला अंधारातले बारीक फरक जास्त कळतात, म्हणून गडद छटांना जास्त आकडे दिलेले आहेत. त्यामुळे १२८ या आकड्याचा प्रकाश २५५ च्या निम्मा नसून सुमारे २२ टक्केच असतो. निम्म्या प्रकाशाचा आकडा १८८ आहे. आता चार पिक्सेल घ्या, एक ज्योतीचा, २५५ चा, आणि तीन काळोखाचे, शून्याचे. आकड्यांची सरासरी ६४ येते. खऱ्या प्रकाशाची सरासरी म्हणजे पाव भाग, आणि तो १३७ या आकड्याने लिहावा लागतो. ६४ लिहिले की ज्योतीला मिळायला हवा होता त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा उजेड उरतो. दिवसाच्या फोटोत हा फरक सहसा जाणवत नाही. काळोखात हजारो ठिणग्या असलेल्या फोटोत मात्र सगळा घाट मलूल होतो. जिंपमध्ये प्रिसिजनच्या यादीत ‘लिनिअर लाइट’ असते, त्यात आकडे प्रकाशाच्या प्रमाणात धरतात. रात्रीच्या फोटोसाठी ते निवडावे आणि मग आकार कमी करावा.

नाव लिहायची जागा डोळ्याच्या भरवशावर न सोडता मोजून ठरवता येते. पडद्यावरच्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ धरतात. त्यावरून दोन रंगांतल्या उठावाचे गुणोत्तर निघते. मोठ्या अक्षरांना ते निदान ३ आणि बारीक अक्षरांना ४.५ असावे, असा मान्य दंडक आहे. काळ्यावर पांढरे २१, काळ्यावर शुद्ध पिवळे सुमारे १९.६, काळ्यावर शुद्ध निळे अवघे २.४. आणि पांढरे अक्षर पिवळ्या ज्योतीवर आले तर १.०७, म्हणजे अक्षर दिसतच नाही. दिव्यांच्या रांगेवर नाव टाकायचा मोह म्हणूनच आवरावा. नदीचे काळे पाणी असते तिकडे अक्षरांना जागा ठेवावी, आणि कापतानाच त्या पाण्याची ओंजळभर पट्टी जास्त घ्यावी.

उरली फाइल. १६०० × ४०० ची पट्टी न दाबता साठवली तर १९ लाख २० हजार बाइट होतात. जेपेग, म्हणजे फोटो साठवायची नेहमीची पद्धत, ती बरीच लहान करते. त्यामागचे गणित १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले; ते मांडणारे नसीर अहमद मूळचे बेंगळुरूचे, सोबत टी. नटराजन आणि के. आर. राव. जेपेगचे प्रमाणक १९९२ चे. चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडतात; आपल्या पट्टीत ते बरोबर १०,००० होतात. प्रत्येक चौकोन ६४ लहरींच्या बेरजेत मांडतात आणि ज्या बारीक लहरी डोळ्याला फारशा कळत नाहीत त्या भरडून टाकतात. आकाश, पाणी, दगड यांना हे खपते. अक्षराची कड मात्र काळ्यातून एकदम पांढऱ्यात उडी मारते आणि त्या उडीला नेमक्या त्याच बारीक लहरी लागतात. त्या गेल्या की शिरोरेषेभोवती तरंग उठतात. लाल अक्षरांचे हाल आणखी वाईट, कारण रंगाची माहिती बहुधा दोन्ही दिशांनी निम्मी करून ठेवतात. फाइल उघडून पुन्हा जेपेगमध्ये साठवली की पुन्हा थोडे झिजते. तेव्हा व्हॉट्सअॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवावा, अक्षरे सगळ्यांत शेवटी टाकावीत आणि नाव लिहिलेली पट्टी पीएनजी या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवावी. त्या फाइलमध्ये काही गळत नाही. फाइल मोठी होते, तेवढी होऊ द्यावी.

पट्टी कॉम्प्युटरवर बनते, पण बघितली जाते बहुतेक फोनवर. फोनची रुंदी सुमारे ७ सेंटिमीटर, म्हणजे पट्टीची उंची पावणेदोन सेंटिमीटर. तिच्यात ४० पिक्सेल उंचीचे अक्षर पावणेदोन मिलिमीटरचे होते. त्यातला अनुस्वार आणि रफार ओळखायला फोन डोळ्याजवळ न्यावा लागतो. १०० पिक्सेलांचे अक्षर साडेचार मिलिमीटरच्या आसपास जाते आणि सहज वाचता येते. एवढी उंची दिली की पट्टीत नावाची एकच ओळ मावते. पत्ता, स्थापनेचे साल आणि पदाधिकाऱ्यांची यादी खाली मजकुरात द्यावी.