नेपाळचा खलाशी, कोकणची तिजोरी आणि रोनाल्ड ली यांचा हिशेब

‘बाहेरची माणसे येतात आणि आपल्या पैशांवर जगतात’ हे वाक्य कोकणात ग्रामसभेपासून एसटी स्टँडपर्यंत कुठेही कानावर पडते. रोख बहुधा आंबा बागायतीत राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबांवर, मासेमारी नौकांवरच्या नेपाळी खलाशांवर आणि चिरेखाणींवर राबणाऱ्या परजिल्ह्यातल्या व परराज्यांतल्या मजुरांवर असतो. भाषा, संस्कृती, गावातले संबंध हे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांना या लेखात हात घालायचा नाही. पण ‘आपल्या पैशांवर’ हा दावा शुद्ध हिशेबाचा आहे. सरकारी तिजोरीत कोण किती भरतो आणि त्यातून कोण किती घेतो हे मोजण्याचे शास्त्र आहे, त्याला सार्वजनिक वित्त म्हणतात, आणि स्थलांतराला ते शास्त्र कसे लावायचे हे ज्यांनी दाखवून दिले त्यांत रोनाल्ड ली या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचे नाव फार वर घ्यावे लागते.

ली हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत लोकसंख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र या दोन्ही विषयांचे प्राध्यापक होते. १९७१ मध्ये त्यांनी हार्वर्डमधून पीएच. डी. मिळवली. सुरुवातीचे त्यांचे संशोधन औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या इंग्लंडमधली लोकसंख्या आणि मजुरीचे दर यांच्या संबंधावर होते. १९९२ मध्ये लॉरेन्स कार्टर यांच्यासह त्यांनी मृत्युदरांचे भाकीत करण्याची एक पद्धत मांडली, ती आजही ‘ली-कार्टर’ या नावाने जगभर वापरली जाते. पुढे अँड्र्यू मेसन यांच्याबरोबर त्यांनी ‘राष्ट्रीय हस्तांतरण लेखे’ ही पद्धत उभी केली, जिच्यात एका वयोगटाकडून दुसऱ्या वयोगटाकडे किती पैसा जातो हे देशोदेशी, भारतातही, मोजले गेले आहे. विषय वरवर विखुरलेले वाटतात, पण प्रश्न एकच आहे: माणसाचे वय आणि पैसा यांचे नाते काय? स्थलांतराच्या वादात हाच प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो.

एका साध्या आलेखाची कल्पना करू. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर रुपये. त्यावर दोन रेषा काढायच्या: त्या वयाचा सरासरी माणूस वर्षाला सरकारला किती कर देतो ही एक, आणि सरकार त्याच्यावर किती खर्च करते ही दुसरी. लहानपणी खर्चाची रेषा वर असते, कारण लसीकरण, अंगणवाडी, शाळा, पोषण आहार हे सारे चालू असते आणि मूल कर जवळजवळ देत नाही. विशीत केव्हातरी दोन रेषा एकमेकींना छेदतात, पुढची पस्तीस-चाळीस वर्षे कराची रेषा वर राहते, आणि म्हातारपणी औषधपाणी व निवृत्तिवेतनामुळे खर्चाची रेषा पुन्हा वर चढते. म्हणजे प्रत्येक आयुष्यात तिजोरीच्या दृष्टीने दोन तोट्याची टोके आणि मध्ये एक नफ्याचा पट्टा असतो. स्थलांतरित माणूस जेव्हा बाविसाव्या वर्षी येतो, तेव्हा पहिल्या टोकाचा खर्च दुसऱ्या कुठल्यातरी गावाने, दुसऱ्या कुठल्यातरी देशाने आधीच केलेला असतो. ली आणि त्यांचे सहकारी टिमोथी मिलर यांच्या गणितात तारुण्यात येणाऱ्याची शिल्लक भरघोस निघते आणि साठी ओलांडून येणाऱ्याची उणे निघते, ती याचमुळे.

हे गणित १९९७ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या अहवालात प्रसिद्ध झाले. त्या अहवालात दोन उत्तरे होती आणि वरवर पाहता ती एकमेकांच्या विरुद्ध होती. पहिले उत्तर एका वर्षाच्या जमाखर्चाचे: स्थलांतरित कुटुंबांमुळे कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक स्थानिक कुटुंबावर वर्षाला १,१७८ डॉलरचा जादा भार पडतो आणि न्यू जर्सीत २३२ डॉलरचा. दुसरे उत्तर ली आणि मिलर यांचे, दीर्घ काळाचे: एक सरासरी स्थलांतरित आणि त्याचे वंशज मिळून सरकारी तिजोरीत आजच्या मूल्याने ८०,००० डॉलरची भर घालतात. दोन्ही बाजूंच्या राजकारण्यांनी आपापल्या सोयीचा आकडा उचलला. खरे तर दोन्ही आकडे बरोबर आहेत, आणि ते एकाच वेळी बरोबर कसे असू शकतात हे समजून घेणे हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे.

८०,००० ची फोड केली तर ते कळते. स्थलांतरित माणसाचा स्वतःचा वाटा उणे ३,००० डॉलर आहे. त्याच्या वंशजांचा वाटा अधिक ८३,००० डॉलर आहे. आता एका वर्षाच्या जमाखर्चाकडे पुन्हा पाहा. त्यात स्थलांतरिताचे शाळकरी मूल त्याच्या कुटुंबाच्या नावावर खर्च म्हणून पडते. तेच मूल मोठे होऊन कमावू लागले आणि वेगळे राहू लागले, की पुढच्या जमाखर्चात ते ‘स्थानिक’ म्हणून मोजले जाते आणि त्याचा कर स्थानिकांच्या नावावर जमा होतो. खर्च एका खात्यात, उत्पन्न दुसऱ्या खात्यात. हापूसचे कलम लावल्यावर तिसऱ्या वर्षीच खत, पाणी आणि मजुरी यांची बेरीज करून ‘हे झाड तोट्याचे’ असा निर्णय कोणताही बागायतदार देणार नाही, पण माणसांच्या बाबतीत तो निर्णय सर्रास दिला जातो.

आता ‘आजच्या मूल्याने’ या शब्दांकडे वळावे लागेल, कारण सगळे गणित त्यांच्यावर उभे आहे. चाळीस वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो, म्हणून भविष्यातल्या प्रत्येक रकमेला वटाव लावून ती आजच्या किमतीत आणतात. वटावाचा दर वर्षाला ३ टक्के धरला, तर चोवीस वर्षांनी मिळणारे १०० रुपये आज सुमारे ४९ रुपयांचे ठरतात, शंभर वर्षांनी मिळणारे सुमारे ५ रुपयांचे, आणि तीनशे वर्षांनी मिळणारे अवघ्या दीड पैशाहूनही कमी. ली आणि मिलर यांनी हिशेब तीनशे वर्षांपर्यंत नेला होता. इतका लांब का, असे कोणालाही वाटेल. त्याचे कारण असे, की वटाव जसा रकमेला लहान करतो तसेच वंशजांची वाढती संख्या आणि वाढती उत्पादकता तिला मोठे करत असतात, आणि हे दोन ओढे एकमेकांविरुद्ध चालत असताना बेरीज नेमकी कुठे स्थिरावते हे पाहण्यासाठी बराच पुढचा काळ घ्यावा लागतो.

तीनशे वर्षांचे भाकीत म्हटल्यावर पंचांगातल्या वर्षफलाची आठवण होणे साहजिक आहे, आणि म्हणूनच फरक सांगितला पाहिजे. वर्षफल सांगणारा आपली गृहीतके कधी मांडत नाही, त्यामुळे ते चुकले की बरोबर आले हे तपासताच येत नाही. ली यांच्या गणितात प्रत्येक गृहीतक उघड्यावर ठेवलेले आहे आणि ते बदलले तर उत्तर किती हलते हेही सांगितलेले आहे. त्यातले सर्वांत नाजूक गृहीतक असे: २०१६ नंतर सरकारी कर्जाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले प्रमाण वाढू दिले जाणार नाही, म्हणजे कर वाढतील किंवा सवलती घटतील, आणि त्या ओझ्याचा वाटा नव्याने आलेले लोक व त्यांची मुलेही उचलतील. हे गृहीतक काढून टाकले तर सरासरी शिल्लक उरत नाही. शिक्षणाचा फरकही तितकाच मोठा आहे. माध्यमिक शाळा पूर्ण न केलेल्या स्थलांतरिताचा आणि त्याच्या वंशजांचा एकत्रित आकडा उणे १३,००० डॉलर येतो, त्याहून पुढे शिकलेल्याचा अधिक १,९८,००० डॉलर. त्यामुळे ‘प्रत्येक स्थलांतरित म्हणजे ८०,००० डॉलरचा फायदा’ असे ढोल वाजवणारे लोकही, ‘बाहेरच्यांनी देश लुटला’ असे संदेश मोबाइलवर फिरवणाऱ्यांइतकीच, आकड्यांशी प्रतारणा करतात.

आणखी एक निर्णय हिशेब करणाऱ्याला घ्यावाच लागतो: खर्च सरासरीने मोजायचा की सीमांत, म्हणजे एका माणसाच्या येण्याने जितका प्रत्यक्ष वाढतो तितकाच मोजायचा? कोकणातल्या एखाद्या वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांसमोर आणू. पट ११ मुलांचा, शिक्षक दोन. बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबाची दोन मुले तिथे बसू लागली आणि पट १३ झाला. सरासरीने मोजणारा शिक्षकांच्या पगारासकट शाळेच्या एकूण खर्चाला तेराने भागून त्यातले दोन भाग या मुलांच्या नावावर टाकेल, आणि आकडा दचकवणारा निघेल. पण शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक लागतात. या दोघांमुळे ना तिसरा शिक्षक नेमला गेला, ना नवी खोली बांधली गेली. वाढला तो खिचडीतला तांदूळ, दोन गणवेश आणि पुस्तकांचे दोन संच. उलट पटसंख्येअभावी बंद पडण्याच्या टोकावर असलेल्या शाळेला ही दोन मुले तारूनही नेतात. अमेरिकेत फ्रान्सिन ब्लाउ यांच्या अध्यक्षतेखाली २०१६ साली जो नवा अहवाल आला, त्यात पहिल्या पिढीच्या स्थलांतरितांमुळे २०१३ या एका वर्षात आलेली तूट ४३ अब्ज डॉलर ते २९९ अब्ज डॉलर अशी दिली आहे. एवढे मोठे अंतर मुख्यतः याच निर्णयामुळे पडले आहे: संरक्षणासारख्या, माणसे वाढल्याने न वाढणाऱ्या खर्चाचा सरासरी वाटा स्थलांतरितांवर टाकायचा की नाही.

अमेरिकेचे डॉलर कोकणाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथे सामाजिक सुरक्षेचे मोठे निवृत्तिवेतन आहे, इथे खलाशाला ते नाही. तिथे माणसे स्थायिक होतात, इथे आंबा संपला आणि १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागून नौका शाकारल्या की बहुतेक जण गावाकडे जातात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे हे येणेजाणे खुले आहे. पण ली यांचा वयाचा आलेख मात्र इथे तंतोतंत लागू पडतो, आणि तो लावला की एक गोष्ट लख्ख दिसते. नेपाळचे गाव मुलाला वाढवते, कोकण त्याची कामाची वर्षे घेते, आणि गुडघे दुखू लागले, जाळे ओढवेनासे झाले, की तो परत नेपाळच्या गावी जातो. दोन्ही तोट्याची टोके तिकडे, मधला पट्टा इकडे.

हेच चित्र आपण पिढ्यानपिढ्या दुसऱ्या बाजूने जगलो आहोत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शाळांनी मुले शिकवली आणि मुंबईच्या गिरण्यांनी, गोद्यांनी, कचेऱ्यांनी त्यांची कामाची वर्षे घेतली. चाकरमान्याची मनीऑर्डर घरी येत राहिली, पण त्याच्या श्रमातून निर्माण झालेला कर मुंबईच्या नावावर जमा झाला. निवृत्तीनंतर तो गावी परततो, तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, मुंबईच्या महापालिका रुग्णालयात नव्हे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हरवलेले पुरुष कामाच्या वयाचे होते. त्यांची जागा आज ज्यांनी भरली आहे त्यांना तिजोरीवरचा भार म्हणण्याआधी, मुंबईत कोणी चाकरमान्याला तसे म्हटले तर आपल्याला काय वाटेल, हे कोकणाने स्वतःला विचारायला हवे.

तरीही ग्रामपंचायतीची तक्रार खोटी नाही, आणि हा मुद्दाही १९९७ च्या अहवालातच आहे. त्या ८०,००० डॉलरमध्ये केंद्रीय तिजोरीचा वाटा अधिक १,०५,००० होता, तर राज्य आणि स्थानिक संस्थांचा उणे २५,०००. कर वर जातो आणि खर्च खाली राहतो. कोकणात हे एका रिचार्जमध्ये पाहता येते. बंदरावरच्या दुकानात खलाशी २९९ रुपयांचा रिचार्ज मारतो. त्यात १८ टक्के दराने सुमारे ४५ रुपये ६० पैसे वस्तू व सेवा कर असतो, आणि क्रमांक महाराष्ट्राचा असेल तर त्यातला निम्मा केंद्राला, निम्मा राज्याला जातो. ग्रामपंचायतीच्या खात्यात त्यातला एक पैसाही थेट येत नाही. तिला घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळते, आणि बागेतल्या मांगरात किंवा नौकेवर राहणाऱ्या माणसाच्या नावावर घरपट्टी नसते. पाणी, कचरा, गटार यांचा ताण मात्र तिच्यावरच येतो. सरपंचाला तोटा दिसतो आणि अर्थमंत्र्याला फायदा दिसतो, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

वरचा पैसा खाली आणण्याची वाट आपल्याकडे अनुदानांची आहे, आणि वित्त आयोगांच्या अनुदानवाटपात लोकसंख्येला मोठे वजन असते. २०११ च्या जनगणनेत माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली होती, म्हणजे मोहोराची राखण आणि मासेमारी दोन्ही ऐन भरात असताना. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो दिवस, १ मार्च २०२७ ठरला आहे, म्हणजे तोही याच हंगामात येतो. मोजणीच्या काळात जो जिथे राहतो तिथे त्याची नोंद होणे अपेक्षित असल्याने, बागेतले कुटुंब आणि नौकेवरचा खलाशी नियमाने कोकणातच मोजले जायला हवेत. त्यासाठी प्रगणकाला गावठाणात न थांबता सड्यावरच्या मांगरापर्यंत आणि जेटीला लागलेल्या प्रत्येक नौकेपर्यंत नेण्याचे काम ग्रामपंचायतीने आताच अंगावर घेतले पाहिजे, कारण त्या नोंदींवर पुढच्या अनेक वर्षांची अनुदाने ठरणार आहेत.