क्लिनिकल पेपर (लॉ कॉलेज)

क्लिनिकल पेपर म्हणजे लॉच्या अभ्यासक्रमातले प्रॅक्टिकल विषय. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार असे चार पेपर कंपल्सरी आहेत: ड्राफ्टिंग, व्यावसायिक नीतिमत्ता, तडजोड-लवाद आणि मूट कोर्ट (काल्पनिक खटल्यात युक्तिवादाचा सराव). तीन वर्षांचा कोर्स असो की पाच वर्षांचा, यातून सुटका नाही, आणि नसावीच.

खरा कस लागतो तो मूट कोर्टच्या पेपरात. 100 पैकी 30 मार्क तीन मूटना, 30 मार्क एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बसून बघण्याला, 30 मार्क पक्षकाराची मुलाखत नि केसच्या तयारीला, उरलेले 10 तोंडीला. माझ्या मते यात खटला बघण्याची डायरी सगळ्यात मोलाची, पण बरीच पोरं ती मागच्या बॅचची उतरवून काढतात आणि मग पहिल्या उलटतपासाला उभं राहिल्यावर घाम फुटतो. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात चार दिवस मागच्या बाकावर बसलं तरी कळतं की साक्षीदाराला प्रश्न कुठं थांबवायचा, मुदत कशी मागायची, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, काय लिहिलं जातं.

भाषेचा प्रश्न वेगळाच. लॉची बरीच पुस्तकं इंग्रजीत, पण खालच्या कोर्टाची भाषा मराठी, त्यामुळं दावा, कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर), मनाईचा अर्ज, सरतपास (आपल्याच साक्षीदाराची तपासणी) हे शब्द पोरं सीनियरच्या ऑफिसात शिकतात. बांधाच्या भांडणात सातबारा आणि फेरफार वाचता आला नाही तर नुसती कलमं पाठ असून काय करायचं? ड्राफ्टिंगच्या तासाला मराठी दावा लिहून घ्यायलाच पाहिजे.

इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे, पाच वर्षांच्याला 20. त्यात एकदा तरी ट्रायल कोर्टाच्या आणि एकदा अपील चालवणाऱ्या वकिलाकडं काम करावं लागतं. कोल्हापूरच्या पोरांना हायकोर्ट बघायचं तर पूर्वी मुंबई गाठायला लागायची, रूमभाडं वेगळंच. ऑगस्ट 2025 मध्ये सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं चालायला लागली. आता सकाळी बावड्यात साक्ष ऐकायची आणि दुपारी अपिलातला युक्तिवाद, हे एकाच दिवसात जमतं, केएमटी बसच्या तिकिटात.

डिग्रीनंतर वकिलीची सनद घ्यायची आणि ऑल इंडिया बार एक्झाम द्यायची. त्या परीक्षेत उलटतपास घ्यायला लावत नाहीत, म्हणून खटले बघण्याची ही डायरी स्वतःच्या हातानं लिहिलेली हवी.