‘आधी सिस्टम रिस्टोअर बंद करा’: एका जुन्या सल्ल्याची पार्श्वभूमी

विंडोज एक्सपीच्या जमान्यातली, व्हायरस काढण्याची कुठलीही कृती उघडून पाहा. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत ‘सिस्टम रिस्टोअर बंद करा’ हे वाक्य बहुधा सापडतेच. (सिस्टम रिस्टोअर म्हणजे बिघाड झाल्यास विंडोजला मागच्या तारखेच्या स्थितीत नेण्याची सोय.) मग सेफ मोड (म्हणजे मोजक्याच गोष्टींसह विंडोज सुरू करणे), मग स्कॅन, मग रीस्टार्ट. एक्सपी गेले, मागोमाग विंडोजच्या कितीतरी आवृत्त्या आल्या, तरी ही पायरी एकीकडून उचलून दुसरीकडे चिकटवली जातेच. ती कुठून आली आणि तिच्यावरून एवढे वाद का झाले, हे कळले तर घरच्या संगणकात काहीतरी शिरल्याची शंका येते तेव्हाचे बरेच सल्ले एकमेकांशी का जुळत नाहीत, याचा उलगडा होतो.

फ्लॉपीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. १९८६चा ब्रेन काय किंवा ६ मार्चला डिस्कवर घाला घालणारा मिकेलअँजेलो काय, दोन्ही व्हायरस बूट सेक्टरमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना डिस्कचा जो भाग आधी वाचला जातो त्यात, बसणारे. राइट-प्रोटेक्ट केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचे आणि तिथूनच तपासायचे, एवढाच उपचार होता. तो आजही तत्त्वतः सर्वांत भरवशाचा आहे, कारण ज्या विंडोजवर संशय आहे तिलाच साक्षीला बोलवावे लागत नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या व्हायरसने डिस्कबरोबर काही मदरबोर्डांचा बायोसही (यंत्र सुरू करणारा, चिपमध्ये साठवलेला प्रोग्रॅम) पुसला, तेव्हा मात्र हा उपचारही तोकडा पडला.

खरा गोंधळ सुरू झाला तो घरोघरी इंटरनेट आणि एक्सपी एकत्र आल्यावर. ऑगस्ट २००३मधल्या ब्लास्टर या वर्मने (नेटवरून आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने) बिघडलेल्या संगणकावर ६० सेकंदांची उलटी मोजणी दिसे आणि यंत्र आपोआप बंद होई. स्टार्ट मेनूतल्या ‘रन’ चौकटीत ‘शटडाऊन -ए’ टाइप करून ती मोजणी थांबवणे हा त्या महिन्यातला सर्वांत उपयोगी मंत्र होता. हा वर्म शिरला ती फट बुजवणारा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) जुलैमध्येच आला होता. लोकांनी तो टाकला नव्हता, इतकेच. ‘फॉरमॅट मारून मोकळे व्हा’, म्हणजे डिस्क पूर्ण पुसा, हा सल्लाही फसायचा. जुन्या सीडीवरून एक्सपी नव्याने टाकायचे आणि पॅच उतरवण्यासाठी नेटला जोडायचे, तर पॅच येण्याआधी वर्म हजर. बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी अंगभूत फायरवॉल होती, पण सुरुवातीला ती चालू नसे. ऑगस्ट २००४च्या सर्व्हिस पॅक २ने (एक्सपीच्या मोठ्या अपडेटने) ती सरसकट चालू केली. घरगुती संगणकांच्या आरोग्यासाठी त्या दशकात झालेले सर्वांत मोठे काम, माझ्या मते, हेच.

आता सिस्टम रिस्टोअर. ही सोय विंडोज एमईपासून आली आणि एक्सपीमध्ये रुळली. नवा प्रोग्रॅम टाकताना, अपडेट येताना आणि अधूनमधून आपणहून ती त्या वेळच्या स्थितीची एक खूण, म्हणजे रिस्टोअर पॉइंट, करून ठेवी. शिवाय ठरावीक प्रकारच्या फाइलींवर तिची नजर असे: त्यातली एखादी बदलली किंवा पुसली की आधी तिची प्रत बाजूला पडे. घोळ इथेच झाला. अँटिव्हायरस जेव्हा व्हायरसची ईएक्सई (प्रोग्रॅम चालवणारी) फाइल पुसे, तेव्हा सिस्टम रिस्टोअर प्रामाणिकपणे तिचीही प्रत जपून ठेवी. दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात ‘ए’ आणि पुढे आकडे असलेली एक अनोळखी फाइल सापडे, लाल पट्टी झळके, आणि वापरणाऱ्याला वाटे की व्हायरस परत आला. त्या फोल्डरात विंडोज बाहेरच्या प्रोग्रॅमला सहजी हात घालू देत नसे. म्हणून अँटिव्हायरस ओरडायचा खरा, पण पुष्कळदा काही करू शकायचा नाही.

उपाय म्हणून अँटिव्हायरसवाल्यांनीच सांगायला सुरुवात केली की आधी सिस्टम रिस्टोअर बंद करा. एका चौकटीत टिक केली की सगळे रिस्टोअर पॉइंट एका झटक्यात पुसले जात. फोल्डर रिकामा, स्कॅन स्वच्छ. तक्रारीचा कॉल मिटवायचा असेल तर हा उपाय अगदी बिनतोड होता.

दुसऱ्या बाजूला होते ते लोक, जे फुकट आणि स्वेच्छेने इतरांचे संगणक दुरून साफ करून देत. त्यांचे म्हणणे साधे होते. त्या फोल्डरातली प्रत निपचित पडलेली असते. कोणी तो पॉइंट परत आणल्याशिवाय ती चालत नाही. उलट साफसफाई करताना रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीतली) चुकीची नोंद उडाली आणि विंडोज उठेनासे झाले, तर मागे जायला तोच एक रस्ता असतो. रोगट रिस्टोअर पॉइंट हा अजिबात नसलेल्या पॉइंटपेक्षा बरा. म्हणून त्यांचा क्रम उलटा होता: आधी सफाई, दोनचार दिवस यंत्र नीट चालते का ते पाहणे, मग जुने पॉइंट पुसून नवा करणे.

माझा कल उघडच दुसऱ्या बाजूकडे आहे. पहिल्या बाजूचा एक मुद्दा मात्र खरा होता. घाबरलेला माणूस काही दिवसांनी आपणहून जुन्या तारखेला जातो आणि काढलेले सगळे परत आणतो, असे घडत असे. सिस्टम रिस्टोअर म्हणजे व्हायरसवरचा उपाय, असाही समज पसरला होता. ती सोय कागदपत्रे, फोटो यांना हात लावत नव्हती आणि त्यांच्यात लपलेले काही काढतही नव्हती.

सफाई बिघडण्याची भीती काल्पनिक नव्हती. हायजॅकधिस नावाचे छोटे साधन विंडोजबरोबर काय काय सुरू होते, ब्राउझरला काय चिकटले आहे, याची यादी काढून देई. त्यातले चांगले कुठले, वाईट कुठले, हे मात्र सांगत नसे. लोक ती यादी पाहून दिसेल त्यापुढे टिक करत आणि साउंड कार्डापासून नेट जोडणीपर्यंत काहीही गमावून बसत. त्याआधी २००२मध्ये एका ईमेलने सांगितले की टेडी अस्वलाचे चित्र असलेली अमुक फाइल सापडली तर तो व्हायरस आहे, पुसून टाका. ती विंडोजचीच फाइल होती. व्हायरस कुठेच नव्हता, तरी हजारोंनी स्वतःच्या हाताने ती काढली. अँटिव्हायरसही यात मागे नव्हते: एप्रिल २०१०मध्ये एका बड्या कंपनीच्या अपडेटने एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि कितीतरी संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले.

२००८-०९च्या सुमारास चित्र आणखी गढूळ झाले. ‘तुमच्या संगणकात इतके व्हायरस सापडले’ असे ओरडणारी खिडकीच व्हायरस असू लागली. अँटिव्हायरस २००९ हे त्यातले गाजलेले नाव. पैसे भरा, मग काढतो, असा तो मामला. त्याच काळात कॉन्फिकर हा वर्म आला. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप उघडण्याच्या सोयीचा त्याने फायदा घेतला, अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट उघडू दिल्या नाहीत, आणि रिस्टोअर पॉइंटही स्वतःच पुसले. तज्ज्ञ म्हणवणारे जे काम वापरणाऱ्याकडून हौसेने करून घेत होते, ते आता वर्म करू लागला होता! पेन ड्राइव्हची ती सोय विंडोज ७मध्ये आवरली गेली, एक्सपीवाल्यांना मात्र त्यासाठी २०११पर्यंत थांबावे लागले.

२०१२च्या विंडोज ८बरोबर पुरेसा अँटिव्हायरस अंगभूत आला, शिवाय फाइली ठेवून विंडोज नव्याने बसवण्याची सोयही. तासन्‌तास यादी चाळण्याचा काळ तिथे संपत आला. खंडणी मागणाऱ्या २०१३च्या क्रिप्टोलॉकरने आणि मे २०१७च्या वॉनाक्रायने उरलेली कसर भरून काढली. असे प्रोग्रॅम फाइली कुलूपबंद करतात आणि विंडोजने ठेवलेल्या मागच्या प्रतीही पुसून टाकतात, म्हणजे मागे जायची वाटच उरत नाही. यंत्रापासून वेगळा काढून ठेवलेला बॅकअप तेवढा वाचतो. अशा वेळी ‘आधी सिस्टम रिस्टोअर बंद करा’ ही ओळ नुसती जुनी नाही, घातक आहे.

सध्याच्या चोरट्या प्रोग्रॅमांपुढे हा वादच बाजूला पडतो. ते ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी (पासवर्ड न टाकता लॉगिन चालू ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) घेऊन काही मिनिटांत निघून जातात. नंतरच्या स्कॅनमध्ये काहीच सापडले नाही तरी चोरी झालेलीच असते. म्हणून आता पहिली पायरी नेट तोडण्याची, आणि दुसरी वेगळ्या, स्वच्छ उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलून सगळीकडून लॉगआउट करण्याची. रिस्टोअर की रीसेट (विंडोज नव्याने बसवणे), हे त्यानंतर सावकाश ठरवता येते.